ताईच्या हातची चांदी

३ मार्च, मंगळवार

आज वकीलसाहेबांनी माझ्यावर फिर्याद केली. कोर्टात नाही, माझ्याच खुर्चीत आडवं पडून, तोंड उघडं ठेवून. उघड्या तोंडाने माणूस काय बोलतो हे ओळखण्यात माझी हयात गेली, तरी मी दोनदा "काय?" म्हटलं. पहिल्यांदा कळलं नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा कळलं म्हणून.

त्यांचं म्हणणं असं. गेल्या वीस वर्षांत मी त्यांच्या नऊ दाढांमध्ये चांदी भरली. लोक चांदी म्हणतात, पण तिच्यात निम्मा पारा असतो. आता त्यांना विसरायला होतं, चिडायला होतं, झोप लागत नाही. म्हणजे पारा अंगात भिनला. पुरावा म्हणून त्यांनी इंटरनेटवरून सात पानं छापून आणली होती.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "चिडके तर तुम्ही पहिली दाढ भरायच्या आधीपासून आहात."

ते हसले नाहीत. उठून बसले आणि म्हणाले, "तुमच्या स्वतःच्या तोंडात किती आहेत?"

"सहा."

"मग आधी स्वतःला तपासून घ्या. माझं मागाहून बघू."

आमचं दार पातळ आहे आणि बाहेर चार पेशंट बसले होते. चार माणसं ऐकताहेत म्हटल्यावर माझी छाती आपोआप फुगते. "घेतो की!" मी म्हणालो. "आणि निकाल बाहेरच्या फळ्यावर लावतो!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

त्या सात पानांत लिहिलं आहे की रोजची लक्षणं वहीत लिहून ठेवावीत. म्हणून ही वही. एका टूथपेस्टवाल्याने फुकट दिलेली, दर पानावर एक हसरी दाढ. दुपारच्या सुट्टीत पेशंटच्या खुर्चीत पडून लिहितो आहे. खुर्ची फारच आरामशीर आहे. लोक उगाच घाबरतात.

४ मार्च, बुधवार

लक्षणांची यादी उतरवून घेतली. हात थरथरणे: नाही. तोंडाला धातूची चव: नाही. हिरड्या सुजणे: नाही. झोप न लागणे: माझ्या घोरण्याबद्दल शेजारी साक्ष देतील. चिडचिड: आहे, पण ती वकीलसाहेब नावाचा नऊ दाढांचा धातू अंगावर आल्यामुळे. बुजरेपणा: हे वाचून मी मोठ्याने हसलो. चारचौघांत बोलायला लाज वाटणे, अनोळखी माणसासमोर न येणे, पाऱ्याने असंही होतं म्हणे. मला ते झालं तर माझ्या लेकीला आनंदच होईल.

लेक म्हणजे धाकटी डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी दंतवैद्य होऊन माझ्याच दवाखान्यात आली आणि आल्याआल्या म्हणाली, "बाबा, आता पांढरं भरायचं. चांदी बंद." मी म्हटलं, पांढरं हवं त्याला पांढरं, चांदी हवी त्याला चांदी. तिने पारा मिसळायचं एक मशीनही आणलं होतं. बंद कुपी टाकायची, बटण दाबायचं, हात लावायचं काम नाही. ताईने ते चार दिवस वापरलं आणि म्हणाली, "मशीनला काय कळतंय? कधी कोरडं, कधी पातळ." मी ताईची बाजू घेतली. मशीन खोक्यात गेलं. आमच्याकडे ताईची बाजू घेणं ही वीरश्री नव्हे, सवय आहे.

ताई माझी थोरली बहीण. एकतीस वर्षं दवाखान्याच्या मागच्या खोलीत तीच सगळं सांभाळते. नऊ ते सहा ती मला "डॉक्टर, अहो" म्हणते. सहा वाजून एक मिनिटाने मी पुन्हा गाढव होतो. काचेच्या खलात चांदीची पूड आणि पारा घोटायचा, फडक्यात घेऊन जादा पारा पिळून काढायचा आणि मग गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायचा. नीट मळला की तो बारीक चुरचुरतो. ताई कान लावून ऐकते आणि दोन खोल्यांमधल्या खिडकीतून पुढे देते. हातमोजे घालून ती चुरचुर कळत नाही म्हणते. शहरातले दुसरे दंतवैद्यही मान्य करतात की ताईच्या हातच्या चांदीला तोड नाही. माझ्या हाताचं नाव कोणी काढत नाही.

७ मार्च, शनिवार

लॅबमध्ये जाऊन आलो. एका पोरगेल्या तंत्रज्ञाने मला दोन मोठे प्लास्टिकचे कॅन दिले. चोवीस तासांची लघवी जमा करायची. सकाळची पहिली टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरायची. मासे आठवडाभर बंद. मी विचारलं, "दोन कॅन? माझी तब्येत बघून अंदाज केलात का?" तो म्हणाला, "दवाखान्याची तपासणी म्हणालात ना? मग काम करणारे सगळे." 

मी एक परत केला. लेक म्हणाली, "आत्याला का नाही तपासत?" 

"ताईला कशाला? तिच्या तोंडात एकही चांदी नाही. बत्तीसच्या बत्तीस जसे आले तसे आहेत."

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एकही दाढ न किडलेली बाई आणि तिचा भाऊ दंतवैद्य. नात्यातच धंदा बुडाला. अलीकडे मात्र तिच्या हिरड्यांतून रक्त येतं आणि खालचे दोन दात जरा हलतात. मिठाच्या पाण्याने चुळा भर म्हणून तिला दटावलं. दंतवैद्याची बहीण आणि ब्रश असा वरवर फिरवते! ती काही बोलली नाही. पूर्वी बोलली असती.

९ मार्च, सोमवार

आजचा दिवस कॅनला वाहिला. घरी ठेवला तर दिवसभर घरी-दवाखान्यात पळावं लागणार, म्हणून दवाखान्यात आणला. पिशवीत घातला तरी आतला आवाज लपत नाही. पेशंटच्या दाढेला भूल दिली की मी "आलोच" म्हणून जायचो. अकरा वाजता एका आजीबाईंनी लेकीला विचारलं, "डॉक्टरांना साखर आहे का गं?"

दुपारी कॅन फ्रीजमध्ये ठेवला. तासाभराने लेक ओरडली, "बाबा, दातांचे ठसे घ्यायच्या सामानाशेजारी काय ठेवलंय?" मी म्हटलं, "विज्ञान." तिने त्यावर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नये' लिहिलं. मला आयुष्यात इतका मान कोणी दिला नव्हता.

ताईचा चहा आज बशीतच जास्त होता. कप ठेवताना इतका खुळखुळला की पेशंटने वळून पाहिलं. मी म्हटलं, "ताई, एवढी कसली घाई?" ती आत निघून गेली. खिडकीही ओढून घेतली.

१० मार्च, मंगळवार

कॅन पोचवला. तंत्रज्ञाने विचारलं, "पहिली टाकली होती ना?" माझा चेहरा बघून तो समजला. टाकली नव्हती. एकतीस वर्षं लोकांना 'अर्धा तास काही खाऊ नका' सांगतो आणि ते खातात तेव्हा मी कपाळाला हात लावतो. त्याने कपाळाला हात लावला नाही. सभ्य आहे. फक्त नवा कॅन दिला.

१३ मार्च, शुक्रवार

दुसऱ्या खेपेला सगळं बरोबर झालं. आता वाट बघणं.

ताईबद्दल एक लिहून ठेवावंसं वाटतं, कारण चांगल्या गोष्टीही लिहाव्यात. ती वयाने फार मऊ झाली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिचा आवाज पुढच्या खोलीत आला की पेशंटचा दात आपसूक दुखायचा थांबायचा. कोणी वेळ चुकवून आला की त्याची धडगत नसे. माझीही नसे. आता ती पुढे येतच नाही. कोणी नवीन आलं की दाराआड होते, फोन वाजला तर लेकीला हाक मारते. काल औषधवाल्याने नुसतं "ताई, बऱ्या आहात ना?" विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं. लेक म्हणाली, "बाबा, आत्या बदललीय." मी म्हटलं, "पारा उतरलाय तिचा. देवाने माझं ऐकलं."

लेक हसली नाही. हल्लीच्या पिढीला विनोद कळत नाही.

१९ मार्च, गुरुवार

निकाल आला! छापील मर्यादा दहा, माझा आकडा सहा. लॅबवाल्याने सही केली, शिक्का मारला. मी कागद हातात घेऊन रस्त्याने असा चालत आलो की ओळखीच्या दोघांनी लग्न ठरलं का विचारलं. साठाव्या वर्षी!

फळ्यावर मधोमध लावला. खाली लाल शाईने लिहिलं: 'सहा चांद्या, तीस वर्षे, प्रकृती ठणठणीत. — आपला डॉक्टर.' लेक म्हणाली फारच जाहिरात होते. मी म्हटलं होऊ दे. स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा माझा धंदाच. एक दिवस उलटं केलं तर बिघडलं कुठे?

२१ मार्च, शनिवार

वकीलसाहेब आले. फळा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मी दारात उभा होतो, टाळ्यांची वाट बघत.

"डॉक्टर, एक-दोन प्रश्न विचारू?"

"विचारा की."

"ही चांदी दाढेत कोण भरतं?"

"मी."

"हाताने?"

"छे, अवजाराने. चिमुकल्या चमच्यासारखं असतं. त्यातून थेट दाढेत."

"म्हणजे तुमचा हात पाऱ्याला लागत नाही."

"नाही."

"शेवटचा कधी लागला?"

मी आठवायला लागलो. कॉलेजात. मग दवाखाना उघडला तेव्हा पहिले काही महिने. मग ताई आली.

"मग मळतं कोण?" वकीलसाहेबांनी आवाज चढवला नाही. "डॉक्टर, तुम्ही साक्षीदार चुकीचा आणलात."

खिडकीपलीकडे खल घोटल्याचा आवाज येत होता. मागच्या खोलीला दुसरी खिडकी नाही, पाऱ्याची वाफ जायला वाट नाही. अवजारं उकळायचं भांडं दिवसभर तिथेच तापत असतं. फरशीच्या फटींत पाऱ्याचे थेंब चमकतात आणि झाडताना ताई ते कागदावर गोळा करून बाटलीत परत भरते. हे सगळं मी रोज बघतो. आज पाहिलं.

मग लक्षणांची यादी काढली. मी माझ्या नावापुढे नाही, नाही, नाही लिहिलेलं. हात. हिरड्या. बुजरेपणा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा असता तरी बरं होतं, माझी बहीण होती.

 वकीलसाहेब म्हणाले, "माफ करा. मला जिंकायचं होतं, पण हे नाही."

२२ मार्च, रविवार

काही लिहिण्यासारखं नाही. मागची खोली कुलूप लावून बंद केली.

२४ मार्च, मंगळवार

ताई दोन दिवस बोलली नाही. कुलूप का लावलं हे विचारलंही नाही. आज तिच्यासमोर कॅन ठेवला.

"मला काय धाड भरलीय?"

"ताई, हात पुढे कर."

"कशाला?"

"कर ना."

तिने हात पाठीमागे नेला. लहानपणी मी कात्रीने पडदा कापला होता तेव्हा आईसमोर असाच हात पाठीमागे नेला होता आणि ताईने माझा गुन्हा स्वतःवर घेतला होता. मी म्हटलं, "किती दिवस थरथरतो?"

मग तिने सांगितलं. दोन वर्षं. आधी सुईत दोरा जाईना. मग कप. मग अवजारांचा ट्रे. तिला वाटलं म्हातारपण. मला कळलं तर मी तिला घरी बसवीन, म्हणून तिने पुढे यायचंच सोडलं.

"मग मशीन का नको म्हणालीस?" लेकीने विचारलं. "कुपी टाकून बटण दाबायचं होतं फक्त."

"ती एवढीशी कुपी त्या भोकात बसवता येत नव्हती मला." ताईने मूठ मिटून दाखवली. "गोळा मळताना मूठ मिटलेली असते. मूठ मिटली की हात हलत नाही. तेवढंच एक काम मला नीट येत होतं. म्हणून मी ते जास्तच करायला लागले."

मी खुर्चीवर बसलो. पेशंटच्या नव्हे, साध्या. लेकीने आत्याला जवळ घेतलं. मला ते सुचलं नाही. मला वाटलं होतं की देवाने माझं ऐकलं. कोणत्या तोंडाने मी स्वतःला दातांचा डॉक्टर म्हणवतो? तिचे दात हलत होते आणि मी तिला मिठाचं पाणी सांगितलं.

३० मार्च, सोमवार

ताईचा आकडा एकशे अडुसष्ट.

लॅबच्या तंत्रज्ञाने स्वतः फोन केला. मला म्हणाला, "सर, हा कॅन कोणत्या कारखान्यातल्या कामगाराचा आहे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दुसरा कॅन तुम्ही परत केला होता." दोष द्यायला नाही म्हणाला. नुसतं आठवलं म्हणून म्हणाला, ते जास्त लागलं.

ताईला सांगायचं कसं, याची मी दुपारभर तालीम केली. मोठे मोठे शब्द जुळवले. प्रत्यक्षात तिच्यासमोर उभा राहिलो आणि नुसता कागद दिला. तिने आकडा बघितला. "हे मर्यादेच्या वर आहे?"

"जवळजवळ सतरापट."

"म्हणजे पाऱ्याने होतंय हे? हात, दात, सगळं?"

"हो."

"म्हणजे वय नाही?"

"नाही, ताई."

तिचा चेहरा एकदम उजळला. "बघ! मी म्हातारी झाले नाही!" असं म्हणून ती चक्क हसली. मला हुंदका आला आणि तो मी खोकला म्हणून खपवायला गेलो. तिने पाण्याचा पेला भरून दिला. निम्मं पाणी माझ्या शर्टावर सांडलं. 

१ एप्रिल, बुधवार

फळ्यावरचा माझा निकाल लेकीने काढला. तिथे लिहिलं: 'या दवाखान्यात चांदी भरणे बंद. आधी भरलेली काढून घेण्याची घाई करू नये, शंका असल्यास विचारावे.' वकीलसाहेबांनी आपलाही निकाल आणून दाखवला. आकडा सात. "म्हणजे चिडका मी मुळातलाच," ते म्हणाले. मी हसायचा प्रयत्न केला. त्यांनी ताईंना बघायला येऊ का विचारलं. ताई अजून कोणासमोर येत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

ताईला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी अर्धा तास तपासलं. पाऱ्याच्या आसपासही जायचं नाही, औषधं आजपासून. थरथर कमी होईल, पण कितपत ते सहा महिन्यांनी सांगता येईल. पूर्ण जाईलच असं नाही, असंही सांगितलं. त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या, ते बरंच झालं.

मग काउंटरवर फॉर्म. ताईच्या वतीने मी भरायला घेतला. नाव, वय. व्यवसाय या रकान्याशी थांबलो. ताई म्हणाली, "लिही, काही नाही. भावाला मदत करते." मी लिहिलं: दंतवैद्याची सहायक, ३१ वर्षे. पुढचा रकाना होता, 'पाऱ्याशी संबंध कशामुळे आला?' त्यासाठी जागा अर्ध्या ओळीची.  मी लिहिलं: भाऊ.

काउंटरवरच्या बाईंनी वाचलं. "हे काय लिहिलंय?"

ताईने फॉर्म स्वतःकडे ओढला, चष्मा लावला आणि वाचला. "खोड ते."

"ताई, खरं तेच—"

"खोड म्हणते ना! फॉर्म आहे तो, माफीनामा नाही. माफी मागायची तर तोंडाने माग. माझी माग. या बाईंना कशाला त्रास?"

तिचा आवाज चढला होता. मागे रांग होती, साताठ माणसं. मला चार माणसं ऐकताहेत म्हटलं की छाती फुगवायची सवय, आज ती कुठे गेली कोण जाणे. मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं. मी तुझ्याकडे बघितलंच नाही."

"बरं," ती म्हणाली. फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "मीही लपवलं. आता खोड आणि नीट लिही."

मी खोडून लिहिलं: चांदी तळहातावर मळल्यामुळे.

बाईंनी तिचा हात पाहिला आणि समजुतीने शाईची डबी पुढे सरकवली. "अंगठा दिलात तरी चालेल, आजी."

"सही येते मला," ताई म्हणाली आणि पेन घेतलं.

मी मनगट धरायला गेलो. तिने माझा हात झटकला. पहिलं अक्षर काढायलाच कितीतरी वेळ लागला. पेन कागदावर टकटक वाजत होतं. रांगेतला एक माणूस पुढे वाकून बघायला लागला आणि मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, मागे सरला. ताईने पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. शेवटची दोन अक्षरं चौकटीबाहेर गेली. बाईंनी शिक्का मारला.